साठीचा हेड कोच घ्यावा का?

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या राज्य विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. वय ५८. आमची अमेरिकन फुटबॉलची टीम एफसीएस गटात खेळते, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या टीम्सच्या एक पायरी खाली. सलग तीन हंगाम वाईट गेले, कोचला निरोप दिला आणि नवा हेड कोच शोधायला सात जणांची समिती नेमली. प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिच्यात अडकलोय.

आता दोनच नावं उरली आहेत. एक गृहस्थ ६२ वर्षांचे. आधी आमच्यासारख्याच एका गरीब टीमचे हेड कोच होते, पाच वर्षांत तिला वर आणलं. मग मोठ्या ठिकाणी गेले, तिथे जिंकती टीम हातात मिळाली, ती घसरत गेली आणि दोन वर्षांपूर्वी करार संपायच्या आत त्यांना काढलं. तेव्हापासून टीव्हीवर विश्लेषण करतात. आमच्या जेमतेम पगारालाही ते तयार आहेत. दुसरा ३७ वर्षांचा. एका मोठ्या टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारा सहायक कोच. हुशार, बोलका, पण हेड कोच कधीच नव्हता.

समितीत तीन-तीन मतं पडली आहेत. अर्धे म्हणतात, अनुभव तो अनुभव. उरलेले म्हणतात, साठीच्या माणसावर कशाला पैसे लावायचे. माझं मत राहिलंय. माझ्यासाठी फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम. इथला फुटबॉल मी इतक्या वर्षांत चारदा पाहिला असेल. मन अनुभवी माणसाकडे ओढतं, पण का, ते सांगता येत नाही. बायको म्हणते, नसती उठाठेव कशाला, गप्प बसा.

जाता जाता : गेल्या वर्षी विभागप्रमुखपद मला न मिळता ४१ वर्षांच्या सहकाऱ्याला मिळालं. त्याचा इथे काही संबंध नसावा.

— एक संख्याशास्त्रज्ञ

*

नमस्कार.

पहिली गोष्ट. तुम्ही त्या गृहस्थांचं नाव आणि विद्यापीठाचं नाव मला कळवलं होतंत. दोन्ही मी खोडली आणि तुमची ईमेल पुसून टाकली. आता असं कुणालाही लिहू नका. राज्य विद्यापीठातल्या माणसाच्या ईमेल्स माहितीच्या कायद्याखाली मागवता येतात आणि कोचच्या निवडीत त्या मागवणारे स्थानिक पत्रकार टपून बसलेले असतात. दुसरं, ‘साठीचा’ हा शब्द समितीच्या टिपणांत कुठेही येऊ देऊ नका. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्या उमेदवाराला वयावरून डावलायला कायद्याने मनाई आहे. तुमचे तीन सदस्य हे बैठकीत मोठ्याने बोलत असतील, तर कोण कोच होणार याच्या आधी विद्यापीठाच्या वकिलाला चहाला बोलवा.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला वाटतं मला यातलं काय कळणार, पण आम्ही १९९९ पासून कॅन्ससमधल्या लॉरेन्सला राहतो. ह्यांनी सीझन तिकीट एकदाही सोडलं नाही. त्यामुळे हेड कोच कसा निवडावा आणि कसा निवडू नये, हे मी वीस-बावीस वर्षं मेमोरियल स्टेडियमच्या बाकावर बसून शिकले आहे. गावातल्या कुठल्याही न्हाव्याला हे पाठ असतं.

२००७ साली मार्क मँजिनोंच्या हाताखाली आमची, म्हणजे कॅन्सस विद्यापीठाची, टीम १२ जिंकून एकच हरली आणि ऑरेंज बोल हा हंगामानंतरचा मानाचा सामना जिंकून आली. दोन वर्षांनी ते गेले. मग आले टर्नर गिल. बफेलो विद्यापीठाच्या पडक्या टीमला त्यांनी २००८ मध्ये कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांची साखळी स्पर्धा, जिंकून दिली होती. कागदावर तुमच्या गृहस्थांचं जे पहिलं प्रकरण आहे ना, तस्संच. दोन हंगामांत ५ विजय, १९ पराभव. घरी पाठवले.

मग विद्यापीठाला वाटलं, मोठं नाव हवं. चार्ली वाइस आले. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक टीमबरोबर तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची अजिंक्यपदं, जिंकलेले, पुढे नोत्र दाम विद्यापीठाचे हेड कोच. यापेक्षा जास्त अनुभव कुठून आणायचा? अनेक वर्षं खपून अठरा-एकोणीस वर्षांची पोरं घडवायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून इथल्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांतून तयार खेळाडू उचलले. त्यातले बरेच टिकले नाहीत, आणि मागे राहिली ती अर्धी रिकामी टीम. ६ विजय, २२ पराभव, तिसऱ्या हंगामाच्या चौथ्या सामन्यानंतर रवानगी. त्यांच्यानंतरच्या डेव्हिड बीटींनी चार वर्षांत ६ जिंकले आणि ४२ हरले. पण ती पोकळी त्यांनी केलेली नव्हती, हे न्हावीसुद्धा कबूल करतो.

पुन्हा मोठं नाव. नोव्हेंबर २०१८ मध्ये लेस माइल्स आले. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) २००७ चं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलेले, तिथून २०१६ मध्ये काढलेले, मधली दोन वर्षं कोचिंगच्या बाहेर. ओळखीचं वाटतं ना? पहिल्या हंगामात ३ विजय. दुसऱ्या हंगामात नऊ सामने, नऊ पराभव. आणि मार्च २०२१ मध्ये एलएसयूतल्या २०१३ च्या एका अंतर्गत चौकशीची कागदपत्रं उघड झाली. विद्यार्थिनींशी वागण्याबद्दलचे आरोप होते, माइल्सनी ते नाकारले, पण कॅन्ससने त्यांच्याशी फारकत घेतली. पाठोपाठ त्यांना आणणारे ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, तेही गेले. कागद आठ वर्षं जुने होते. माइल्सना घेताना ते कुणाच्या हातात पडले नव्हते.

त्यानंतर, एप्रिल संपता संपता, स्प्रिंगचा सराव उरकत आल्यावर, लान्स लायपोल्ड आले. तेही बफेलोहून. ह्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, पुन्हा बफेलो! लायपोल्डचं नाव आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हे डिव्हिजन तीनचं कॉलेज, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची परवानगीच नाही. तिथे हा माणूस आठ वर्षांत १०९ सामने जिंकला, फक्त ६ हरला आणि सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं घेऊन आला. पण मला त्याच्या कारकिर्दीतलं जे वर्ष सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे नव्हेच. ते आहे २०१६. बफेलोतलं दुसरं वर्ष. २ विजय, १० पराभव. वर्षाला सरासरी एकही सामना न हरणारा माणूस एका हंगामात दहा हरला. पुढच्या वर्षी ६-६. त्याच्या पुढच्या वर्षी १०-४. कॅन्ससला आला तेव्हा तळाला गेलेली टीम म्हणजे काय, आणि तिथून कुठली पायरी आधी चढायची, हे त्याने एकदा केलेलं होतं. इथेही पहिलं वर्ष २-१०. मग ६-७. मग २०२३ मध्ये ९-४, आणि त्या वर्षी ओक्लाहोमाला ३८-३३ हरवल्यावर पोरांनी गोलपोस्ट उपटून पॉटर तळ्यात नेऊन टाकला. ह्यांना त्या रात्री घरी यायला दीड वाजला. वय ७१.

आता तुम्ही संख्याशास्त्रज्ञ आहात, लगेच म्हणाल की गिलही बफेलोचे, लायपोल्डही बफेलोचे, एक बुडाला आणि एक तरला, मग निष्कर्ष काय? बरोबर आहे. माझ्याकडे सूत्र नाही. पण ‘अनुभवी’ हा जो एक शब्द तुमच्या समितीत फिरतोय ना, तो बिनकामाचा आहे एवढं नक्की. वाइस अनुभवी, माइल्स अनुभवी, लायपोल्ड अनुभवी. एकाच शब्दाखाली तीन वेगळी माणसं.

याहून गमतीची गोष्ट शेजारच्या गावात झाली. कॅन्सस स्टेट आमचे हाडवैरी, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतोय. १९८८ च्या अखेरीस त्यांची टीम देशातली सर्वांत वाईट म्हणून ओळखली जायची. २७ सामने एकही विजय नव्हता. तेव्हा त्यांनी बिल स्नायडर यांना घेतलं. वय ४९, आयोवाचे कोऑर्डिनेटर, कॉलेज पातळीवर हेड कोच म्हणून अनुभव शून्य. पहिल्या वर्षी एकच सामना जिंकले. १९९८ पर्यंत नेहमीच्या हंगामातले अकराच्या अकरा जिंकत होते. २००५ ला निवृत्त झाले, तीन वर्षांत टीम पुन्हा घसरली, तेव्हा २००९ च्या हंगामासाठी विद्यापीठाने त्यांनाच परत बोलावलं. आता वय ६९ आणि अनुभवाचा डोंगर. २०१२ मध्ये कॉन्फरन्स जिंकली. २०१८ पर्यंत राहिले आणि त्या दहा वर्षांत आम्हाला दरवर्षी हरवलं. दरवर्षी! माणूस तोच, गाव तेच. एकदा कोरी पाटी म्हणून घेतला, एकदा म्हातारा म्हणून घेतला, दोन्हीदा चालला. म्हणजे जे चालत होतं ते अनुभवाच्या वर्षांत नव्हतं. ते त्या माणसाला अमुक एक काम येत होतं, त्यात होतं : जिथे कुणी यायला तयार नाही तिथे दुर्लक्षित पोरं शोधून आणायची आणि थांबवून ठेवायची.

तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला मी काय सांगणार. तालमीत वस्तादाची पारख त्याने स्वतः किती गदा घेतल्या यावर कुणी करत नाही. त्याच्या हाताखालून पठ्ठे कोण निघाले ते बघतात. आणि ते पठ्ठे मुळात कुठल्या वाड्या-वस्त्यांवरून, काय अंगानं आले होते, तेही बघतात. तयार मल्ल दुसऱ्या तालमीतून आणून मैदान मारणारा वस्ताद वेगळा.

म्हणून तुमच्या गृहस्थांच्या बायोडेटात मोठ्या विद्यापीठाच्या ओळीवर बोट ठेवून बसू नका. ती ओळ तुमच्या कामाची नाही. तिथलं बजेट, तिथली भरती, तिथलं स्टेडियम तुमच्याकडे नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवा. ते पहिलं, गरीब ठिकाण. तिथलं पहिलं वर्ष. तुम्हाला आकडे वाचता येतात, समितीतल्या बाकीच्यांना फक्त विजय-पराभव वाचता येतात. त्या पाच वर्षांतले आठ किंवा कमी गुणांनी सुटलेले सामने वेगळे काढा. असे अटीतटीचे सामने कुणी वर्षानुवर्षं जिंकत राहत नाही, ते बरंचसं नशीब असतं. तो भाग बाजूला ठेवून टीम खरोखर चढत गेली का? कोणाविरुद्ध? आणि आधीच्या कोचने आणलेले खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतरही चढत होती का? चौथ्या-पाचव्या वर्षाचे आकडे त्यांचे स्वतःचे. पहिल्या दोन वर्षांचे अर्धे दुसऱ्याचे. एवढं टिपण एका पानावर करून नेलंत तरी त्या खोलीत तुम्हीच सगळ्यांत जास्त फुटबॉल जाणणारे ठराल. मी हे थट्टेने म्हणत नाही.

पण इथे एक मोठी अडचण आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. त्या गृहस्थांनी टीम वर आणली त्या काळातला खेळ आता राहिलेला नाही. तेव्हा शाळेतून पोरगा आणायचा, एक वर्ष बसवायचा, चार वर्षं घडवायचा. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येतं. २०२५ च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर मोठी विद्यापीठं पहिल्याच वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकत होती. तुमच्यासारख्या एफसीएस विद्यापीठाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की तुम्ही घडवलेला चांगला पोरगा जानेवारीत कुणीतरी उचलून नेणार. दरवर्षी. हेड कोचला आपलाच खेळाडू आपल्यालाच पुन्हा पटवावा लागतो.

हे जमतं का, हे वयावरून कळत नाही. कर्ट सिग्नेटींचं उदाहरण घ्या, हल्ली सगळेच घेतात, मीही घेते. ॲलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामांकित हेड कोचच्या हाताखाली चांगली नोकरी होती. २००९ चं अजिंक्यपद झालं होतं. ती सोडून वयाच्या ४९ व्या वर्षी कमी पगारावर पेन्सिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन दोनच्या कॉलेजात हेड कोच म्हणून गेले. तिथून इलॉन, तिथून जेम्स मॅडिसन, दोन्ही तेव्हा तुमच्याच एफसीएस गटात. इंडियाना विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना घेतलं तेव्हा वय ६२ होतं, तुमच्या गृहस्थांइतकंच. इंडियाना तेव्हा ३-९ होती. जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू पोर्टलमधून त्यांच्यामागे आले. पुढच्याच वर्षी ११-२, आणि २०२५ च्या हंगामात सोळा सामने, सोळा विजय, राष्ट्रीय अजिंक्यपद. आणि त्याच हंगामात नॉर्थ कॅरोलायनात बिल बेलिचिक, सहा सुपर बोल जिंकलेले हेड कोच, वर्षाला एक कोटी डॉलर पगार, कॉलेजचा पहिलाच हंगाम : ४ विजय, ८ पराभव. एकाकडे नेमक्या ह्या कामाचा अनुभव होता, दुसऱ्याकडे फार मोठ्या पण दुसऱ्या कामाचा.

तेव्हा त्यांना विचारा : गेल्या दोन वर्षांत, टीव्हीच्या स्टुडिओत बसून, पोर्टलबद्दल तुम्ही काय शिकलात? आमच्या टीमचे कुठले पाच खेळाडू येत्या जानेवारीत जातील असं वाटतं? चांगला कोच मुलाखतीला येण्याआधी तुमच्या टीमची यादी घोकून येतो. ‘पोरांना शिस्त लावली की झालं, आमच्या वेळी...’ अशी गाडी सुरू झाली, तर चहा बिस्किट देऊन निरोप द्या. आणि त्या घसरलेल्या दुसऱ्या नोकरीबद्दल विचाराच. सगळे सभ्यपणाने तो विषय टाळतील. ‘तुमचं सगळ्यांत वाईट वर्ष कुठलं, आणि त्यातली तुमची चूक कुठली?’ उत्तरात ॲथलेटिक डिरेक्टर, दुखापती, देणगीदार आणि पंच आले आणि ‘मी’ आला नाही, तर मला जे समजायचं ते समजलं.

मी स्वतः एकदा अशा समितीत होते, फुटबॉलच्या नव्हे, एका विद्यापीठातल्या मोठ्या प्रशासकीय पदाच्या. उमेदवार इतका भारदस्त होता की आम्ही त्याला प्रश्न विचारायच्या ऐवजी आमच्या अडचणी सांगत बसलो आणि तो मान हलवत राहिला. दीड तासाने आम्हाला वाटलं, काय समजून घेतो हा माणूस! रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःसाठी गाडी लावायची जागा बदलून मागितली. त्यापलीकडे काय केलं ते आठवत नाही.

पगाराबद्दल. ‘आमच्या जेमतेम पगारालाही तयार आहेत’ हे वाचून मी थबकले. करार संपायच्या आत काढलं असेल तर जुनं विद्यापीठ त्यांना अजून बायआउटचे, म्हणजे करार मोडल्याच्या भरपाईचे, हप्ते देत असणार. पुष्कळ करारांत अशी अट असते की कोचने दुसरी नोकरी धरली तर तिथला पगार त्या हप्त्यातून वजा होतो. म्हणजे तुम्ही त्यांना एक लाख द्या नाहीतर तीन लाख, त्यांच्या खिशात तेवढेच पडतात. फरक जुनं विद्यापीठ भरतं. मग जेमतेम पगाराला ‘तयार’ असण्यात त्याग कसला? यात गैर काही नाही, पण ते हप्ते कधी संपतात ते विचारा. हप्ते दोन वर्षांत संपत असतील तर तिसऱ्या वर्षी हा माणूस वेगळा पगार मागणार किंवा वेगळीकडे बघणार. (ज्यांच्या करारात अशी अट नसते त्यांची चैन असते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागून घरी पाठवलं, आणि त्यातून काही वजा होणार नव्हतं.)

बायोडेटा तपासा, हे सांगायला लागू नये, पण सांगते. डिसेंबर २००१ मध्ये नोत्र दामने जॉर्ज ओलेअरी यांना हेड कोच नेमलं आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण बायोडेटात न मिळवलेली मास्टर्सची पदवी लिहिलेली निघाली. एवढ्या नामांकित विद्यापीठात कुणी एक फोन केला नव्हता. तुम्ही फोन करा. पण त्यांनी दिलेल्या तीन नावांना नको, ती माणसं गोडच बोलणार. ते पहिल्या ठिकाणी होते तेव्हा तिथे खेळाडूंचा अभ्यास बघणारी जी व्यक्ती होती, तिला. टीमच्या डॉक्टरला. प्राध्यापक म्हणून ह्या फोनवर तुमचा हक्क सगळ्यांत जास्त आहे. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था, प्रत्येक टीमचा एपीआर, म्हणजे अभ्यासाचा गुणांक, दरवर्षी जाहीर करते : स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूमागे, प्रत्येक सत्राला, कॉलेजात टिकला याचा एक गुण आणि पास होत राहिला याचा एक. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली तर टीमला हंगामानंतरचे सामने खेळता येत नाहीत. त्या गृहस्थांच्या दोन्ही ठिकाणचे आकडे काढा. तुम्हाला समितीत घेतलंय ते याचसाठी.

त्या सदतीस वर्षांच्या पोराबद्दल मी फारसं लिहिलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. पण त्याच्यावर अन्याय नको. नोत्र दामने डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस फ्रीमन यांना घेतलं तेव्हा ते ३५ वर्षांचे होते आणि हेड कोच म्हणून त्यांचा काहीच पूर्वेतिहास नव्हता. जानेवारी २०२५ ला ते राष्ट्रीय अंतिम सामन्यात होते. अर्थात त्यांच्या हाती आलेलं घर भरलेलं होतं, तुमचं तसं नाही. आणि ‘साठीचा माणूस किती दिवस टिकणार’ असं विचारणाऱ्यांना हे जरूर ऐकवा : तुमच्या पातळीवर तरुण कोच जिंकायला लागला की दोन-तीन वर्षांत मोठी टीम त्याला उचलते. टिकण्याची काळजी असेल तर ती दोघांबद्दल सारखीच करा, आणि प्रश्नही दोघांना सारखाच विचारा. वकीलही खूश राहील. दोघांना आणखी एक गोष्ट विचारा, बरोबर कोण येणार? लायपोल्डबरोबर त्यांचे दोन्ही कोऑर्डिनेटर व्हाइटवॉटरपासून बफेलोमार्गे कॅन्ससला आले होते. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर २०२३ नंतर दुसरीकडे गेला आणि पुढचा हंगाम ५-७ झाला. एकट्या माणसाला घेत नाही आहात तुम्ही, दहा-बारा माणसांचं बिऱ्हाड घेताय. दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाचं बिऱ्हाड पांगलेलं असतं. ते तो पुन्हा जमवू शकतो का, हे त्याने फोनवर नावं घेऊन सांगावं.

मला सरळ विचाराल तर मी त्या गृहस्थांकडे झुकते. त्या पहिल्या पाच वर्षांमुळे. पण पोर्टलचं उत्तर, बिऱ्हाडाची नावं आणि त्या अभ्यास बघणाऱ्या बाईंचा फोन, या तीनपैकी दोन जरी फसले तरी मी त्या पोराला मत देईन आणि रात्री शांत झोपेन. शेवटी नेमणूक ॲथलेटिक डिरेक्टर आणि प्रेसिडेंट करणार. तुमचं मत सल्ल्याचं आहे. ते द्या, लेखी नको, तोंडी द्या, आणि घरी या.

आता ते ‘जाता जाता’.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कुठल्याही संबंध नसलेल्या गोष्टीला माणूस शेवटच्या ओळीत जागा देत नाही. तुम्हाला डावललं, वाईट झालं. अठ्ठावीस वर्षांनी लागतंच ते. पण त्या गृहस्थांना मत देऊन तुमच्या विभागातला निकाल फिरणार नाही, आणि भीतीने त्या पोराला मत दिलंत, ‘मी पक्षपात करत नाही’ हे स्वतःला दाखवायला, तर तेही तितकंच वाकडं. दोन्ही बाजूंनी माणूस घसरतो इथे. म्हणूनच मघाशी ते एका पानाचं टिपण करायला सांगितलं. आकडे काढताना दोघांची नावं झाकून ठेवा, हे तर तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता. विभागप्रमुखपदाबद्दल वेगळं पत्र लिहा, त्याला वेगळं उत्तर देईन. डीनना तुम्ही कारण विचारलंत का, एवढं त्यात नक्की लिहा. माझा अंदाज, विचारलं नसेल.

आणि वहिनींना सांगा, उठाठेव आहे खरी, पण त्यांनाही ऑगस्टअखेरच्या पहिल्या सामन्याला घेऊन जा. जो कोणी येईल त्याचा पहिला हंगाम बहुतेक वाईटच जाणार आहे, मनाची तयारी ठेवा. ॲल्युमिनियमची बाकं उन्हात तापतात आणि ऑक्टोबरनंतर बर्फासारखी गार पडतात. ह्यांनी एकविसाव्या हंगामात पहिल्यांदा उशी नेली, तुम्ही पहिल्याच दिवशी न्या.

— ताई